ताट रिकामे परत जाऊ नये

दिवाळीत शेजारच्या घरून फराळाचे ताट आले, की ते रिकामे परत करायचे नाही, अशी आपल्याकडची रीत आहे. आपल्या घरचा फराळ अजून व्हायचा असेल, तर निदान चिमूटभर साखर घालून ताट द्यायचे. ही रीत कोणत्याही पोथीत लिहिलेली नाही. पण ती मोडणाऱ्याची चर्चा जिन्याजिन्यांतून होते! मौज अशी की, ई-मेलने घरोघर जाणाऱ्या पत्रांचे वाचक कसे वाढतात, याचे निम्मेअधिक शास्त्र या एका रीतीत सामावलेले आहे. 2022 सालापासून मी स्वतः असे एक पत्र चालवीत आहे, म्हणून हे जरा धिटाईने सांगते.

अशा पत्राला न्यूजलेटर म्हणतात. नाव मोठे असले तरी वस्तू साधी आहे. एखाद्या विषयाची आवड असलेला माणूस त्यावर आठवड्याला किंवा पंधरवड्याला एक पत्र लिहितो, आणि ज्यांनी आपला ई-मेलचा पत्ता आपण होऊन दिला आहे त्या सर्वांना ते एकाच वेळी जाते. छापखाना नको, कागद नको, टपालाची तिकिटे नकोत. कुणी शेअरबाजारावर लिहितो, कुणी क्रिकेटवर, कुणी जुन्या वाड्यांवर. मी लिहिते ते भाजीवर.

हसू नका! ठाण्याच्या एका शाळेत मी एकतीस वर्षे विज्ञान शिकविले. निवृत्त झाल्यावर सकाळी भाजी आणणे हे माझे काम झाले, आणि ध्यानात आले की पावसाळ्यात स्टेशनाबाहेर ज्या रानभाज्या येतात, त्यांच्याकडे आपली मंडळी नुसती पाहतात आणि पुढे जातात. टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, शेवळं! ज्यांच्या आजीला या भाज्या डोळे मिटून करता येत होत्या, त्यांना आता त्यांची नावेही सांगता येत नाहीत. नाव ठाऊक नाही म्हणून भाजी घेतली जात नाही, घेतली जात नाही म्हणून टोपली तशीच गावी परत जाते, आणि दोन-तीन पावसाळे टोपली परत गेली की ती आणणारी बाई यायची बंद होते. तिच्याबरोबर तिच्याजवळची माहितीही जाते. माझ्या पत्राला वाचक हवे होते ते यासाठी, मिरविण्यासाठी नव्हे.

वाचक कुठून यावेत?

जून 2022 मध्ये पहिले पत्र गेले ते 83 जणांना. त्यात नातेवाईक होते, जुने सहकारी होते आणि बाईंना नाही कसे म्हणायचे या संकोचाने पत्ता देणारे माजी विद्यार्थी होते. वर्षाने हा आकडा 212 झाला आणि तिथेच थबकला. याचे कारण उघड आहे. आपल्या ओळखीची माणसे संपली, की आपले सांगणे संपते. शिवाय ई-मेलचे पत्र हे दुकानाच्या पाटीसारखे रस्त्यावर टांगलेले नसते. ते बंद पाकिटातून जाते. ज्याच्याकडे जाते त्याच्याखेरीज ते कुणाला दिसत नाही. मग नव्या माणसाला ते कळावे कसे?

एकच वाट उरते. ज्याच्यावर त्या नव्या माणसाचा विश्वास आहे, अशा दुसऱ्या कुणीतरी "हे वाचून पाहा" असे सांगायला हवे. असे सांगणारा उत्तम माणूस कोण? तर तुमच्यासारखेच पत्र चालविणारा दुसरा लेखक. त्याच्याजवळ वाचक आहेत, त्यांना पत्रे वाचण्याची सवय आहे, आणि त्याच्या शब्दाला त्यांच्या घरी वजन आहे.

जुन्या संपादकांची युक्ती

ही युक्ती काही इंटरनेटबरोबर जन्माला आलेली नाही. अमेरिकेत 1792 सालच्या टपाल कायद्याने वृत्तपत्रांच्या मुद्रकांना आपला अंक एकमेकांना टपालखर्चाशिवाय पाठविण्याची मुभा दिली होती. एका गावचा संपादक दुसऱ्या गावच्या पत्रातला मजकूर आपल्या अंकात घेई, आणि लहानशा पत्राचेही नाव दूरवर जाई.

आपल्याकडचे उदाहरण अधिक बोलके आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1895 मध्ये 'मनोरंजन' मासिक सुरू केले आणि 1909 मध्ये त्याचा दिवाळी अंक काढला. आज आपल्या हाती असलेल्या दिवाळी अंकांच्या परंपरेचा आरंभ तिथून मानतात. दिवाळी अंक म्हणजे तरी काय? अनेक लेखकांची, त्यांच्या त्यांच्या वाचकांची, एका दोऱ्यात केलेली शिवण! एका लेखकासाठी अंक घेणारा वाचक दुसऱ्या चार लेखकांची ओळख करून घेऊन उठतो.

आणि न्यूजलेटरच म्हणाल, तर 1920 साली किर्लोस्करवाडीहून निघालेले 'किर्लोस्कर खबर' आठवा. नांगर बनविणाऱ्या कारखान्याचे ते घरचे पत्र. पण संपादक शंकरराव किर्लोस्कर यांनी त्याची पाने बाहेरच्या लेखकांना मोकळी केली आणि कारखान्याचे पत्र मराठी मध्यमवर्गाच्या घरात जाऊन बसले. पुढे त्याला 'स्त्री' (1930) आणि 'मनोहर' (1934) अशी भावंडेही झाली. केवळ नांगरांची माहिती देत राहिले असते, तर ते नांगर घेणाऱ्यांपलीकडे गेले असते का, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

आज हेच काम यंत्रावर चालते. सबस्टॅक ही अशी पत्रे पाठविण्याची सोय करून देणारी कंपनी 2017 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाली. 2022 मध्ये तिने लेखकांना एकमेकांच्या पत्रांची शिफारस करण्याची सोय दिली. तुम्ही एका पत्रासाठी नाव नोंदविले, की त्या लेखकाला आवडणारी दुसरी पत्रे लगेच तुमच्यापुढे येतात. यंत्र नवे, पण आत बसलेला माणूस जुनाच! त्याला अजूनही कुणाच्या तरी शब्दाचा आधार हवा असतो.

सरांचे पत्र

माझा पहिला सहकारी म्हणजे पुण्याचे एक निवृत्त वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. टेकड्यांवरच्या झाडांवर ते पत्र लिहीत. मी चार महिने त्यांची पत्रे वाचली आणि मग एका पत्राला उत्तर पाठविले. त्यात "माझ्या पत्राचा उल्लेख करा" असे अक्षर नव्हते. शेवळांबद्दल एक प्रश्न विचारला होता.

शेवळं म्हणजे सुरणाच्या कुळातल्या एका रानकंदाचे कोंब. पावसाच्या तोंडावर जमिनीतून वर येतात. नीट शिजविले नाहीत तर घसा असा खाजतो की विचारू नका! म्हणून त्यांत काकडं नावाची आंबट रानफळे घालतात. ती नसली तर चिंच किंवा आमसूल. सरांनी खाजेचे मूळ समजावून दिले. या वनस्पतीत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते घशात टोचतात. मी त्यांना घरोघरी भाजी कशी करतात ते कळविले. दोघांच्या मजकुराचे मिळून एक पत्र झाले आणि जुलै 2023 मध्ये आम्ही दोघांनी आपापल्या वाचकांना ते पाठविले.

सरांचे वाचक काही फार नव्हते; पण त्यांतले 64 जण माझ्याकडे आले. सहा महिन्यांनी पाहिले, तर 57 टिकून होते. आले ते भाजीसाठीच आले होते, म्हणून राहिले. आणि माझ्या पत्रातून सरांकडे गेले 39. ताट रिकामे परत गेले नाही.

याच्याशेजारी दुसरा हिशेब ठेवून पाहा. एका मोठ्या शहरी पत्राने त्याच सुमारास, न सांगता, माझ्या पत्राचे नाव एका ओळीत छापले. दोन दिवसांत तीनशे माणसे आली! घरात सगळ्यांना आनंद झाला. तीन महिन्यांनी त्यांतली 71 उरली. त्या पत्राचा उपकार मी मानते. पण नाव ऐकून येणारा आणि लेखन वाचून येणारा यांत केवढा फरक असतो, ते या दोन आकड्यांनी दाखविले.

सांबार की कोथिंबीर?

दुसऱ्या सहकारी नागपूरच्या. त्या वऱ्हाडी स्वयंपाकावर लिहितात. आम्ही ठरविले की एक पत्र त्यांनी माझ्या वाचकांसाठी लिहावे, एक मी त्यांच्या वाचकांसाठी. अट एकच: आपल्या वाचकांना ठाऊक असलेले गृहीत धरायचे नाही.

त्यांनी पुडाच्या वडीची कृती पाठविली. त्यात लिहिले होते, "दोन जुड्या सांबार बारीक चिरून घ्यावा." पत्र जाताच ठाणे-डोंबिवलीहून उत्तरांचा पाऊस पडला. "सांबार चिरायचा कसा?" "तो इडलीबरोबरचा का?" नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे आमच्या मुंबईकरांना कुठे ठाऊक! बाईंनी पुढच्या पत्रात सर्वांना हसत हसत उत्तर दिले. इकडे मी टाकळ्यावर लिहिले, तेव्हा नागपूरच्या एका आजींनी कळविले की त्यांच्याकडे याच भाजीला तरोटा म्हणतात. एक भाजी, दोन नावे आणि दोन शहरांतली शेकडो घरे त्यावर बोलू लागली.

त्या महिन्यात माझ्याकडे 138 नवी नावे आली. पण मला अधिक मोलाची वाटली ती उत्तरे. तीही सांगण्यासारखी गोष्ट आहे. पत्र किती जणांनी उघडले याचा आकडा यंत्र देते खरे. पण 2021 मध्ये ॲपलने वाचकांच्या खासगीपणासाठी आपल्या मेलमध्ये अशी व्यवस्था केली, की वाचकाने पत्र उघडो न उघडो, त्यातली चित्रे आधीच उतरवून घेतली जातात. यंत्राला वाटते, पत्र उघडले. त्यामुळे तो आकडा फुगतो. म्हणून मी उत्तरे मोजते, आणि नवे वाचक सहा महिन्यांनी किती उरले ते मोजते. ही दोन मापे सहसा फसवीत नाहीत.

टोपलीवाल्या मावशी

सहकारी म्हणजे संगणकावर लिहिणाराच असला पाहिजे, असे थोडेच आहे? मुरबाडकडून भाजी घेऊन येणाऱ्या एक मावशी माझ्या पत्राच्या तिसऱ्या सहकारी आहेत. त्यांना लिहिता येत नाही. पण कोणती भाजी कोणत्या पावसानंतर येते, पान किती कोवळे असावे, कोणते पान दिसायला तसेच असूनही घेऊ नये, हे त्या बोलत राहतात आणि मी मोबाईलवर ध्वनिमुद्रण करते. मग ते त्यांच्याच बोलीत उतरवून काढते आणि पाठविण्यापूर्वी त्यांना वाचून दाखविते. एकदा मी एक वाक्य सुधारून लिहिले, तेव्हा त्या म्हणाल्या, "बाई, हे तुमचं झालं. माझं असं नाय." ते वाक्य पुन्हा त्यांच्यासारखे केले.

प्रत्येक पत्राचे मानधन त्यांना मिळते. माझे पत्र विनामूल्य आहे. पण त्यांचे ज्ञान विनामूल्य नाही. नाव छापावे का, असे विचारले तेव्हा त्यांनी नको म्हटले. म्हणून इथेही ते दिलेले नाही.

मावशींच्या पहिल्या पत्राचा कुणी गाजावाजा केला नाही. तरी वाचकांनी ते आपण होऊन आपल्या बहिणींना, जावांना, अमेरिकेतल्या लेकींना पाठविले आणि त्यातून 190 नावे आली. त्याहून मोठी गोष्ट पुढच्या पावसाळ्यात घडली. मावशी सांगत होत्या की गिऱ्हाइके आता भाजीचे नाव घेऊन मागू लागली आहेत. "एक बाई म्हणली, फोडशी द्या. मी तिच्या तोंडाकडं बघतच राहिले!" कोणत्याही आकड्यापेक्षा ते वाक्य मला मोठे वाटले.

घेतले नाही ते ताट

आता एक कडू प्रसंग. वजन उतरविण्याचे चूर्ण विकणाऱ्या एका गृहस्थांचे पत्र आले. त्यांच्याजवळ चाळीस हजार पत्ते होते. त्यांनी माझी शिफारस करायची, मी त्यांच्या चूर्णाची. आणि "सोयीसाठी" आपण पत्त्यांच्या याद्याच एकमेकांना देऊन टाकू, असा प्रस्ताव होता. माझा भाचा त्या दिवशी घरी होता. तो म्हणाला, "मावशी, एका रात्रीत तुझे वाचक दहापट होतील!"

मी नाही म्हटले, आणि त्याची कारणे त्यालाही सांगितली. पहिले असे की, वाचकाने पत्ता माझ्या हाती विश्वासाने ठेवला आहे. तो दुसऱ्याला देणे म्हणजे शेजारणीने ठेवायला दिलेली किल्ली तिसऱ्याला देणे. 2023 साली आपल्या संसदेने डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, त्याच्याही मुळाशी माणसाची संमती हेच तत्त्व आहे. दुसरे कारण व्यवहारी आहे. न मागता आलेले पत्र लोक 'स्पॅम' म्हणून ढकलतात. गुगलने 2024 मध्ये पत्रे पाठविणाऱ्यांसाठी नियम कडक केले. अशा तक्रारी हजारी तीनच्या आत ठेवाव्या लागतात. त्या वाढल्या, की ज्यांना पत्र मनापासून हवे आहे त्यांच्याकडेही ते नीट पोचेनासे होते. चाळीस हजार परक्यांच्या मागे लागून आपलीच माणसे गमवायची!

आणि तिसरे कारण सर्वांत मोठे. रानभाजीच्या बाबतीत माझा शब्द चुकला तर कुणाच्या तरी घशाला, पोटाला इजा होईल. ज्या शब्दावर वाचक पान तोंडात घालतो, त्याच शब्दाने मी न पारखलेले चूर्ण कसे विकू?

पाच घरांचा फराळ

2024 च्या दिवाळीत आम्ही पाच जणांनी मिळून एक पत्र काढले. मी, नागपूरच्या बाई, पुण्याचे सर, इंदूरच्या एक मराठी लेखिका आणि मडगावचे एक गृहस्थ. प्रत्येकाने आपल्या घरच्या दिवाळीवर चारशे शब्द लिहायचे. आम्ही महाराष्ट्रातले लोक चकली-करंजीत रमलेलो. मडगावकरांनी नरकचतुर्दशीच्या सकाळचे फोव वर्णिले. दुधातले, नारळाच्या रसातले, ताकातले, बटाट्याचे, एकाच पोह्यांचे किती प्रकार! आणि ते खाण्यापूर्वी पायाखाली फोडायचे कडू कारीट. सरांनी लगेच त्या कारिटाची वेल कोणती आणि ती कुठे उगवते ते जोडून दिले.

तारीख एक, मजकूर एक. पण पत्र मात्र प्रत्येकाने आपल्याच वाचकांना पाठविले. कुणाचा पत्ता कुणाला दिला नाही. प्रत्येक मजकुराखाली त्या लेखकाच्या पत्रासाठी नाव कुठे नोंदवावे ते दिले होते, एवढेच. माझ्याकडे 420 नवे वाचक आले आणि इतर चौघांचेही वाढले. कुणाचे कमी झाले नाहीत. यातली गंमत ध्यानात घ्या. गिऱ्हाईक एका दुकानातून दुसऱ्या दुकानात गेले, तर पहिल्याचे नुकसान होते. वाचकाचे तसे नाही. तो दोन्ही घरी जेवतो!

ज्यांना करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी

वाचकांपैकी पुष्कळांजवळ लिहिण्याजोगा विषय असेल. कुणी नाणी जमवीत असेल, कुणी जुनी गाणी, कुणी लोकलच्या डब्यातल्या गोष्टी. त्यांच्यासाठी माझा हिशेब थोडक्यात सांगते.

सहकारी निवडताना त्याचे वाचक किती आहेत हे शेवटी पाहावे. त्याचा विषय आपल्या विषयाच्या शेजारचा आहे का, हे आधी पाहावे. अगदी तोच असला तर सांगायला नवे उरत नाही, आणि फार दूरचा असला तर आलेला वाचक बावरतो. निदान तीन महिने त्याचे लेखन वाचावे. पहिल्या पत्रात काही मागू नये. त्याच्या एखाद्या मजकुरावर मनापासून लिहावे आणि आपण काय देऊ शकतो ते सांगावे. त्याच्या वाचकांसाठी लिहायचे तर आपला उत्तम मजकूर द्यावा. उरलेसुरले पाठवू नये. आपल्या वाचकांना त्याची ओळख करून देताना "हे का वाचावे" ते आपल्या शब्दांत, दोन ओळींत लिहावे. तारीख, लांबी, मानधन आणि दुरुस्तीचा अधिकार कुणाचा, हे आधी बोलून घ्यावे, मैत्री टिकते. आणि ज्याचे लेखन आपण स्वतः वाचत नाही, त्याची शिफारस कितीही मोठ्या मोबदल्यात करू नये.

माझे वाचक आज 1,600 च्या घरात आहेत. वृत्तपत्रांच्या लाखांपुढे ही संख्या काहीच नाही. पण यातला जवळजवळ प्रत्येक जण कुणीतरी सांगितले म्हणून आलेला आहे, आणि सांगणाऱ्याने आपली पत पणाला लावून सांगितलेले आहे. ती पत सांभाळली तर वाचक आपल्या पावलांनी येतात, उशिरा का होईना.

तेव्हा या दिवाळीच्या सुटीत, आपल्याला आवडणाऱ्या एखाद्या लहानशा लेखकाला चार ओळींचे पत्र लिहून टाका. त्याला ते किती हवे असते, हे मी अनुभवाने सांगते.